हलकी सायकल आणि मावळचे घाट

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवरून ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत धावली, तेव्हा ती पाहणाऱ्या शाळकरी मुलांच्या मनात, वेगाचे कौतुक ओसरल्यावर, अशी सायकल आपल्याला कधी मिळेल हा एकच प्रश्न उरला असेल, असे समजण्यास हरकत नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे शर्यतीच्या सायकलीचे वजन 6.8 किलोंहून कमी असता कामा नये, आणि या मर्यादेच्या जवळ पोहोचणाऱ्या सायकलीची किंमत लाखांत मोजावी लागते. उलटपक्षी, भोर तालुक्यातील किंवा ज्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे त्या वेल्हे तालुक्यातील घराच्या पडवीत, दुधाच्या किटल्या वाहून निवृत्त झालेली जी जुनी सायकल भिंतीला टेकलेली असते, तिचे वजन वीस किलोंच्या घरात असते. या दोन टोकांच्या मध्ये बारा-तेरा किलोंची, एकाच गिअरची, निर्धोक आणि चपळ सायकल सात-आठ हजार रुपयांच्या आत गावातच उभी राहू शकते, आणि ती उभी करण्याची विद्या तालुक्याच्या ठिकाणी शिकवण्याची तजवीज सरकारने केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सपाट प्रदेशात सायकलस्वाराची मुख्य झुंज वाऱ्याशी असते. तेथे सायकलीचे पाच-सात किलो वजन कमी झाले काय किंवा जास्त झाले काय, एकदा वेग घेतल्यावर फारसा फरक जाणवत नाही. परंतु हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, कानद खोरे अशा नावांनी शिवकाळापासून दप्तरांत नोंदल्या गेलेल्या या मुलुखात वाट एक तर चढते किंवा उतरते, आणि चढावर प्रत्येक किलो गुरुत्वाकर्षणाविरुद्ध प्रत्यक्ष उचलावा लागतो. पंचावन्न किलोंचा मुलगा वीस किलोंच्या सायकलीवरून चढ चढतो तेव्हा पंचाहत्तर किलो वर नेत असतो. सायकल तेरा किलोंची झाली की त्याचे श्रम जवळजवळ एक-दशांशाने घटतात. रोज शाळेला सायकलीने जाणाऱ्या मुलामुलींना हा एक-दशांश काय आहे, हे समजावून सांगावे लागत नाही.

आता हे वजन घटवायचे कसे? येथे पहिला खर्च पैशाचा नसून विचाराचा आहे. कॅरियर, जाडजूड स्टँड, पोलादी मडगार्ड, चेनकव्हर आणि सळ्यांचे ब्रेक एवढा ऐवज उतरवला तरी चार किलोंच्या आसपास भार कमी होतो, आणि त्यासाठी एक दमडीही लागत नाही. (मडगार्डाबाबत मात्र एक अपवाद सांगितला पाहिजे: वेल्ह्याच्या पावसात मडगार्ड नसलेली सायकल म्हणजे चिखलाचे स्नान होय, तेव्हा ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत हलक्या प्लास्टिकचे मडगार्ड अवश्य लावावे.) भंगाराच्या भावाने पाच-सातशे रुपयांत मिळणारी जुनी फ्रेम, तिचे सांधे गंजलेले नसतील आणि चिमटा वाकलेला नसेल, तर निःशंकपणे वापरावी. जुन्या सायकलीचा मागचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच आडवी असते, त्यामुळे चाक मागे ओढून चेन हवी तितकी ताणता येते. आणि या सायकलीची अर्धा इंच अंतराची व एक-अष्टमांश इंच रुंदीची चेन मापाने तीच असते, जी जगभरच्या धावपट्ट्यांवरील शर्यतीच्या सायकलींना लावतात. आपल्याकडील सामान्य माणसाच्या सायकलीत शर्यतीच्या सायकलीची ही बीजे उपजतच आहेत, याची जाणीव फार थोड्यांना असते.

पैसा घालायचा तो चाकांत. फिरणाऱ्या कडेवरचे वजन वेग घेताना सर्वांत अधिक जाचते, म्हणून पोलादी रिमच्या जागी ॲल्युमिनियमची रिम घालणे ही एकच सुधारणा सायकलीचा स्वभाव पालटून टाकते. पण येथे एक अडचण आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांचे पैसे वाया जातात. इंग्रजी वहिवाटीनुसार आपल्या जुन्या सायकलींच्या पुढच्या चाकाला 32 आणि मागच्या चाकाला 40 स्पोक असतात, तर बाजारात मिळणाऱ्या नव्या रिमला 32 किंवा 36 छिद्रे असतात. म्हणजे मागचा हब बदलल्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय नवी रिम व्यासाने किंचित लहान असल्याने लांब भुजांचा कॅलिपर ब्रेक निवडावा लागतो.

स्पोक भरून झाल्यावर ‘आऊट’ काढण्याचे जे काम उरते, तेथे कारागिराची खरी परीक्षा होते. चाक चिमट्यात बसवून, खडूचा तुकडा रिमच्या कडेपासून केसभर अंतरावर स्थिर धरायचा आणि चाक सावकाश फिरवायचे. खडू जेथे टेकेल तेथे रिम त्या बाजूला झुकलेली आहे, म्हणून त्या बाजूचे स्पोक निपल-चावीने पाव फेरा ढिले करायचे आणि समोरच्या बाजूचे तितकेच आवळायचे. घाई करणारा एकदम पूर्ण फेरा देतो आणि दोष एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ढकलतो. जाणता मिस्त्री पाव पाव फेऱ्याने पुढे सरकतो, मधूनमधून स्पोकांच्या जोड्या चिमटीत दाबून त्यांचा ताण बोटांनी अजमावतो आणि चाक आणखी एकदा फिरवून पाहतो. ही विद्या पुस्तकाने येत नाही, हाताने येते. आणि ती ज्यांच्या हातांत आहे असे मिस्त्री गावोगावच्या बाजारपेठांत दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत, ही मला या विषयातील सर्वांत चिंतेची गोष्ट वाटते.

आता फिक्स्ड गिअरविषयी, कारण तरुणांचे मन सध्या तिकडे ओढले जात आहे. या रचनेत फ्रीव्हील नसते. चाक फिरते तोवर पेडल फिरते, पाय थांबवण्याची मुभा नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रीव्हील रूढ होईपर्यंत बहुतेक सायकली अशाच होत्या. सुटे भाग कमी, बिघाड कमी, खर्च कमी, आणि पायांना अखंड, गोल फेऱ्याची शिस्त लागते, हे तिचे गुण मला मनापासून मान्य आहेत. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलातील सायकल धावपट्टीवर कोणास उतरायचे असेल, तर तिचा अभ्यास अपरिहार्यच आहे.

परंतु घाटाचे गणित निराळे आहे. पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 5.2 मीटर जाते. ताशी 20 किलोमीटरला मिनिटात 64 फेरे होतात, ते कोणीही मारील. पाबे घाटाच्या किंवा वरंधा घाटाच्या उतारावर वेग नकळत 40 वर गेला, की तेच फेरे 128 होतात. मग पाय पेडलना चालवीत नाहीत, पेडल पायांना फरफटत नेतात, आणि एक पाय सुटला की वळणावर काय होईल याचे वर्णन करण्याची गरज नाही. अशा वेळी पायांनी मागे जोर देऊन केवळ मागचे चाक रोखता येते. पण वेग मोडताना सगळा भार पुढच्या चाकावर जात असल्याने मागचे चाक हलके होऊन घसरते. म्हणून पुढचा ब्रेक काढून टाकण्याची जी चाल शहरी तरुणांत दिसते, ती आमच्या मुलुखात मुळीच येता कामा नये.

त्याहून भयंकर प्रकार म्हणजे खर्च वाचवण्यासाठी फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करणे. योग्य फिक्स्ड हबवर चकतीच्या बाहेर उलट्या आट्यांची कुलूप-रिंग बसते, म्हणून मागे जोर दिला तरी चकती सुटत नाही. साध्या हबवर ही सोय नाही, तेव्हा उतारावर मागे जोर देताच चकती आट्यांवरून उकलू शकते. जुन्या क्रँकची कॉटर पिनही पुढे-मागे बसणाऱ्या धक्क्यांनी सैल होते; ती दर आठवड्याला तपासावी, किंवा कॉटर नसलेला क्रँक घालावा. यावर शहाणपणाचा तोडगा फार जुना आहे. टूर द फ्रान्समध्ये 1937 सालापर्यंत गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी नव्हती; तेव्हाचे शर्यतवीर पर्वताच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढीत आणि दुसऱ्या बाजूची चकती चेनला लावून पुन्हा स्वार होत. तसाच दुहेरी हब घ्यावा: एका बाजूस फिक्स, दुसऱ्या बाजूस फ्रीव्हील. नसरापूरहून गुंजवणीच्या खोऱ्यातून मार्गासनीपर्यंत किंवा भोरहून कापूरहोळपर्यंत फिक्सवर जावे; घाट लागण्यापूर्वी चाक उलटे करावे. ब्रेक मात्र दोन्ही चाकांना, बारा महिने.

शर्यतींसाठी रस्ते गुळगुळीत करण्यास शासनाजवळ निधी असतो, याचा मला आनंदच आहे. पण त्या रस्त्यांवर उद्या भोरचा किंवा वेल्ह्याचा मुलगा दिसावा अशी इच्छा असेल, तर भोरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सायकल बांधणीचा एक अल्पमुदतीचा वर्ग सुरू करावा, तेथे जुन्या मिस्त्र्यांना मानधनावर शिक्षक म्हणून नेमावे आणि शिकणाऱ्या प्रत्येकाला स्वतः बांधलेली सायकल घरी नेऊ द्यावी. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम कोणाच्या डोळ्यांत भरण्याइतकीही मोठी होणार नाही. तोपर्यंत वाचकांना एवढीच विनंती, की आपल्या पडवीतील जुनी सायकल भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी, गावात ती मागणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे का, याची चौकशी करावी, आणि असल्यास ती त्यांच्या स्वाधीन करावी.