यंत्र हवे, पण गुरुजींच्या बदल्यात नको

शाळेत संगणक पोहोचला की मुलांची गणिताची धास्ती ओसरेल आणि गुण वाढतील, हा राज्यकर्त्यांचा लाडका सिद्धांत आहे. त्यातली सोय उघड आहे. यंत्राचे उद्घाटन एकदा केले की भागते. शिक्षकाला मात्र दरमहा वेतन द्यावे लागते.

या सिद्धांताची परीक्षा केव्हाच होऊन गेली आहे. पेरू देशाच्या सरकारने गरीब मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. यंत्रांचा वापर भरपूर वाढला होता. गणिताचे आणि भाषेचे गुण होते तेथेच राहिले.

याउलट बडोद्याचा अनुभव पाहावा. गुजरात सरकारने तेथील महापालिका शाळांना प्रत्येकी ४ संगणक दिले होते. ते शिकवण्याच्या कामी क्वचितच येत. २००२ ते २००४ या काळात 'प्रथम' संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून २ तास, एका संगणकापाशी दोघे, असे बसवले. ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे गणिताचे खेळ दिले आणि जवळ मार्गदर्शक ठेवले. गणिताचे गुण ठळकपणे वाढले. उपक्रम संपल्यावर वर्षभरात ही वाढ बरीचशी विरून गेली, हेही तितकेच बोलके आहे.

यंत्रे दोन्हीकडे होती. फरक पडला तो अध्यापनाच्या योजनेने. फळ्यापुढे चुकल्यावर हसे झालेले मूल पडद्यापुढे निर्भयपणे चुकू शकते, हा संगणकाचा खरा उपकार. परंतु पर्यायांवर बोट दाबत दाबत उत्तर गाठणाऱ्या मुलाला गणित येत नाही, येते असे वाटते. हा पोकळ आत्मविश्वास परीक्षेत ढासळतो आणि मागे न्यूनगंड ठेवून जातो. 'हे उत्तर कसे काढलेस?' असे विचारून ऐकत बसणारा शिक्षकच त्याला सावरू शकतो.

सधनाच्या मुलाला यंत्रही मिळते आणि शिकवणीचे मास्तरही. श्रमिकाच्या मुलापुढे मात्र मास्तरांच्या जागी यंत्र ठेवले जाते आणि त्यालाच समता म्हटले जाते! ही फसवणूक पालकांनी आणि शिक्षक संघटनांनी चालू देता कामा नये. संगणकाची खोली उघडायला मंत्री येतील, तेव्हा गणित शिक्षकाची जागा भरली काय, हा प्रश्न त्यांना भर सभेत विचारला गेला पाहिजे.