कॅमेऱ्यामागच्या माणसाचे रक्षण

वृत्तपत्राच्या पहिल्या पानावरील छायाचित्र आपण सकाळच्या चहाबरोबर पाहतो. त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले नाव मात्र सहसा वाचत नाही. वार्ताहराला बातमी दुसऱ्या दिवशी, प्रत्यक्षदर्शींना विचारून किंवा दूरध्वनीवरून माहिती घेऊनही लिहिता येते. छायाचित्रकाराला ती सवलत नाही. दगड जेथे पडतो, आग जेथे लागते, गर्दी जेथे रेटते, तेथे त्याला त्याच क्षणी उभे राहावे लागते. त्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले, एक डोळा मिटलेला, दुसरा काचेला लावलेला आणि खांद्यावर कर्ज काढून घेतलेले साहित्य. तीस वर्षांच्या पत्रकारितेत मी अनेक छायाचित्रकारांच्या बरोबरीने हिंडलो. रस्त्यावर इतका उघडा पडलेला दुसरा व्यावसायिक माझ्या पाहण्यात नाही. तरीही त्याच्या रक्षणाचा विचार आपल्याकडे फक्त दुर्घटना घडल्यावर होतो, आणि तोही चार दिवसांपुरता.

२२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईतील महालक्ष्मी परिसरातील बंद पडलेल्या शक्ती मिलमध्ये एक तरुण छायाचित्रकार आपल्या पुरुष सहकाऱ्यासह कामासाठी गेली असता तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. ही जागा रेल्वेची आहे, छायाचित्रे घेण्यास परवानगी लागते, अशी बतावणी करून नराधमांनी त्या दोघांना आत नेले होते. त्या मुलीने न डगमगता त्वरित तक्रार नोंदवली. काही दिवसांतच आरोपी पकडले गेले. त्याच जागी ३१ जुलै २०१३ रोजी आणखी एका तरुणीवर असाच अत्याचार झाल्याचेही त्यानंतरच उघडकीस आले. एप्रिल २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचे रूपांतर जन्मठेपेत केले. न्यायाची प्रक्रिया आपल्या गतीने चालली. समाजाने मात्र या घटनेतून जो धडा घेतला, तो मला चुकीचा वाटतो. ‘मुलींना असल्या व्यवसायात घालूच नये’ हे वाक्य त्या काळात किती सुशिक्षित घरांतून ऐकू आले!

हे तर्कशास्त्र पुढे नेले तर मुलींनी परिचारिका होऊ नये, कारण रात्रपाळी असते. पोलिसात जाऊ नये, कारण गुन्हेगार भेटतात. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी जड कॅमेरा घेऊन, साडी नेसून, सायकलवरून दिल्ली पालथी घातली आणि स्वातंत्र्याच्या पहाटेचे चित्रण देशापुढे ठेवले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या घरच्यांनीही हाच उपदेश केला असता तर देशाच्या इतिहासाचे एक डोळस साक्षीपण हरपले असते. धोका आहे म्हणून घरात बसवणे याला रक्षण म्हणत नाहीत. धोका ओळखण्याची दृष्टी आणि त्यातून सुटण्याचे शिक्षण देणे, हे रक्षण. समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना करून बलोपासना शिकवली, पण त्या बलाला सावधपणाची जोड देण्यासही ते विसरले नाहीत.

हा सावधपणा प्रत्यक्षात कसा असतो? अनुभवी छायाचित्रकार घटनास्थळी पोहोचल्यावर आधी कॅमेरा काढत नाही, बाहेर पडण्याचे दोन मार्ग पाहून ठेवतो. ओसाड गिरणी, पडका वाडा, निर्जन किनारा येथे तो एकटा जात नाही. दोघेही चित्रणात गुंतलेले असतील तर तीही सोबत नव्हे. एकाने चित्र घ्यायचे आणि दुसऱ्याने आजूबाजूला पाहायचे. कोठे जातो आहोत आणि किती वाजता परतणार, हे घरी व कार्यालयात सांगून ठेवायचे. परवानगीच्या नावाखाली कोणी आडोशाला बोलावले, तर जागेवरून हलायचे नाही. जे बोलायचे ते रस्त्यावर, चार लोकांसमोर. खऱ्या अधिकाऱ्याजवळ ओळखपत्र असते आणि ते दाखवण्यास तो कचरत नाही.

गर्दीचे शास्त्र याहून निराळे. पालखीपुढे किंवा विसर्जन मिरवणुकीपुढे उलट्या पावलांनी चालत चित्र घेणाऱ्याला मागचा खड्डा दिसत नाही. म्हणून जाणता सहकारी मागून त्याचा कमरपट्टा धरून चालतो. नाशिकच्या सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा बळी गेला, आणि २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत त्याहून कितीतरी भीषण अनर्थ ओढवला. अशा रेट्यात गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा फास ठरू शकतो. तो आधी काढून घ्यावा, दोन्ही हात छातीसमोर घ्यावेत, प्रवाहाशी झुंजण्याऐवजी तिरकस सरकत कडेला यावे. दंगलीत पोलीस आणि जमाव यांच्या मधोमध उभे राहू नये. बाजूची, पाठीशी भिंत आणि जवळ गल्ली असलेली जागा धरावी. अश्रुधुराची शक्यता असेल त्या दिवशी डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स नसावी, पिशवीत स्वच्छ पाणी असावे आणि वाऱ्याची दिशा ध्यानात असावी. डोक्यावर शिरस्त्राण घालण्यात भित्रेपणा नाही.

आता स्वसंरक्षणाचा प्रश्न. शाखेत दंड फिरवलेल्या, नियुद्धाचे धडे घेतलेल्या आपल्या तरुणांना हा विषय जिव्हाळ्याचा वाटेल, आणि तो तसा वाटावाही. मनगट पकडले गेल्यास हल्लेखोराच्या अंगठ्याच्या दिशेने हिसका द्यावा, कारण पकडीची दुबळी बाजू तीच असते. एकपायी स्टँड आडवा धरून अंतर राखता येते. ‘मागे व्हा’ असा खणखणीत आवाज टाकला, तर निम्मे भुरटे तेथेच गांगरतात. मिरपुडीचा फवारा जवळ बाळगता येतो, पण वारा समोरून असेल तर तो आपल्याच डोळ्यांत जातो आणि गर्दीत निरपराधांना भोवतो, हे विसरू नये. मात्र कोणताही चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो की या विद्येचा हेतू प्रतिस्पर्ध्याला लोळवणे हा नसून सुटकेपुरता क्षण मिळवणे हा आहे. तो क्षण मिळाला की तेथून निघावे. चौघांनी घेरून कॅमेरा मागितला तर तो देऊन टाकावा. कॅमेरा पुन्हा घेता येतो. यासाठीच साहित्याचे अनुक्रमांक व देयके घरी जपून ठेवावीत, विमा उतरवावा आणि घेतलेली चित्रे शक्य तितक्या लवकर दुसरीकडे पोहोचती करावीत.

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिला आहे, आणि तो शरीराबरोबरच मालमत्तेसाठीही आहे. परंतु बचावाला आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. हल्लेखोर पळू लागल्यावर त्याच्या पाठीत घातलेला घाव संरक्षण ठरत नाही. ज्या तरुणाला हे ठाऊक नसते, तो फिर्यादी म्हणून पोलीस ठाण्यात जातो आणि आरोपी म्हणून बसतो. तक्रार मात्र अवश्य करावी. हद्दीचा वाद घालून परत पाठवण्याचे दिवस आता कायद्याने संपले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोठेही घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक प्रत्येकाच्या ओठांवर असला पाहिजे. न नोंदवलेला गुन्हा गुन्हेगाराला धीट करतो, हे शक्ती मिलच्या उदाहरणाने दाखवून दिले आहे.

पत्रकारांवरील हल्ल्यांच्या विरोधात महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१९ मध्ये अमलात आला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानभरपाईची जबाबदारी, अशी त्यातील तरतूद आहे. खोटी तक्रार करणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे, हे योग्यच. परंतु या कायद्याचे छत्र प्रसारमाध्यमांत नोकरी वा करारावर काम करणाऱ्यांवर आहे. लग्नसमारंभ टिपून रात्री दोन वाजता दुचाकीवरून घरी परतणारा छायाचित्रकार, किल्ल्यांवर पक्षी टिपत हिंडणारा हौशी अभ्यासक, गावच्या जत्रेची चित्रे वृत्तपत्राला शंभर-दोनशे रुपयांत देणारा तरुण, यांचे काय? वृत्तसंस्थांना चित्र स्वस्तात हवे असते, जबाबदारी मात्र नको असते. ज्याला दंगलीत पाठवायचे, त्याला शिरस्त्राण, विमा आणि प्रशिक्षण देणे ही उपकाराची बाब नव्हे, ते मालकाचे कर्तव्य आहे. एकटी मुलगी ओसाड जागी पाठवली जाणार नाही, एवढा नियम तरी प्रत्येक संपादकाने लिखित स्वरूपात करावा.

छायाचित्रकारावर हात टाकणारे कोण असतात, याचाही स्पष्ट विचार झाला पाहिजे. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दंतेवाड्यात निवडणुकीच्या वार्तांकनासाठी गेलेले दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू यांना माओवाद्यांनी गोळ्या घातल्या. त्यांच्या हाती बंदूक नव्हती. ११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानाजवळ जमावाने वृत्तवाहिन्यांच्या गाड्या पेटवल्या, छायाचित्रकारांना झोडपले, महिला पोलिसांशीही दुर्वर्तन केले. त्याच गदारोळात अमर जवान स्मारकावर लाथ मारणाऱ्याचे छायाचित्र टिपले गेले, म्हणून तो कोण हे देशाला कळले. कॅमेरा नसता, तर त्या विटंबनेवर विश्वास कोणी ठेवला असता?

पण येथेच आपण थांबलो, तर आपली भूमिका अर्धवट राहील. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतही अनेक छायाचित्रकारांना मारहाण झाली आणि त्यांचे कॅमेरे फोडले गेले, हे वास्तव आहे. काही वृत्तपत्रांचे लेखन पक्षपाती होते, हा आक्षेप खरा मानला, तरी त्याचे उत्तर लेखणीने द्यायचे असते. छायाचित्रकार अग्रलेख लिहीत नाही. तो समोर दिसते ते टिपतो. हल्लेखोराच्या हातातील झेंडा पाहून निषेधाची तीव्रता ठरवणारा समाज शेवटी कोणाचेच रक्षण करू शकत नाही. आझाद मैदानातील कॅमेऱ्याचे आपण ऋण मानतो. तर आपल्या मिरवणुकीतील कॅमेऱ्याचे रक्षण करणे हीदेखील आपलीच जबाबदारी ठरते.

छायाचित्रकारांनीही एक पथ्य पाळावे. शोकाकुल मातेच्या चेहऱ्यासमोर दिवा चमकवणे, स्नान करणाऱ्या स्त्रियांवर दुरून भिंग रोखणे, अपघातग्रस्ताला हात देण्याआधी चित्र घेणे, यांतून जो संताप उसळतो, त्याची किंमत पुढचा सज्जन छायाचित्रकार मोजतो. होमाईबाईंनी १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला, त्यामागे नव्या मंडळींच्या वर्तनाविषयीची खंतही होती. नम्र बोलणे, परवानगी विचारणे, नकार मिळाल्यास कॅमेरा खाली घेणे, यांनी टळणारे प्रसंग थोडे नाहीत.

मग आपण काय करावे? ज्या गावात आपला उत्सव, संचलन किंवा यात्रा असेल, तेथे छायाचित्रकारांसाठी एक उंच, सुरक्षित जागा राखावी आणि दोन स्वयंसेवक त्यांच्यासोबत द्यावेत. गर्दीत काम करणाऱ्या मुलीला कोणी धक्का देत असेल, तर शेजारच्या कार्यकर्त्याने तिच्या हाकेची वाट पाहू नये. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत आपण मुलामुलींसाठी वर्ग घेतो, त्यांत दोन दिवस स्वसंरक्षणाबरोबरच गर्दीत वावरण्याचे शिक्षणही द्यावे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे ते सर्वांनाच उपयोगी पडेल. आणि ज्या घरातील कन्या छायाचित्रकार होऊ इच्छिते, त्या घरातील वडिलधाऱ्यांनी तिला दार अडवून न धरता तीन प्रश्न विचारावेत: बरोबर कोण आहे, परतीची वाट कोणती, आणि कितीला येशील? तिची उत्तरे तयार असतील, तर तिला निश्चिंत मनाने निरोप द्यावा. नसतील, तर ती शोधायला तिला मदत करावी.