चिरंजीव की तीर्थरूप?

आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत आठवीत असताना माझी एल्रॉन्डशी ओळख झाली. चांगदेवांशी ओळख व्हायला मात्र इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष उजाडावं लागलं. गंमत बघा, एल्रॉन्डचं रिव्हेंडेल कुठल्याच नकाशात नाही आणि चांगदेव हे गाव आमच्या जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगर तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. एसटीनं जाता येतं. तरी आधी भेटला तो एल्रॉन्ड. इंग्लिश मीडियमवाल्यांचं हे असंच असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या १९५४-५५ साली आलेल्या कादंबरीत एल्रॉन्ड हा एल्फ लोकांचा सरदार आहे. आई-वडील दोघांकडून त्याच्यात एल्फ आणि माणूस असं मिश्र रक्त. त्यामुळे त्याला आणि त्याच्या जुळ्या भावाला निवड करायला मिळाली, अमर एल्फ व्हायचं की मरणारा माणूस. भावानं माणूस होणं पत्करलं, राजा झाला, पाचशे वर्षं जगून गेला. एल्रॉन्डनं दुसरी वाट धरली. कादंबरीतल्या कालगणनेचा हिशोब मांडला तर गोष्टीच्या वेळी त्याचं वय साडेसहा हजारांच्या आसपास भरतं! पण चेहऱ्यावर वय नाही. सिनेमात ह्यूगो वीव्हिंगनं हा रोल केलाय, तो बहुतेकांना आठवत असेल.

सगळे त्याला शहाणा म्हणतात. का म्हणतात? वय जास्त म्हणून? माझा आक्षेप इथेच आहे.

आपल्याकडे 'मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' हे वाक्य म्हणजे ब्रह्मास्त्र आहे. घरात, व्हायवात, हॉस्टेलच्या मेसमध्ये, कुठेही सोडा, समोरचा गप्प. नुसते पावसाळे मोजून शहाणपण येत असतं, तर खानदेशात दोन नावं अशी आहेत की त्यांच्यापुढे कुणी टिकलंच नसतं.

पहिलं नाव अश्वत्थामा. सातपुड्यात अस्तंबा नावाचं १,३२५ मीटर उंचीचं शिखर आहे. पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून नंदुरबारमध्ये गेलं. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला आदिवासी बांधव ही अवघड वाट चढून तिथे यात्रेला जातात. अश्वत्थामा अजून याच डोंगरात फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, असं आमच्याकडे सांगतात. द्रौपदीची झोपलेली मुलं त्यानं मारली, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकलं, म्हणून त्याला मिळालेलं हे लांबलचक आयुष्य. म्हणजे चिरंजीव असणं हा कधी कधी चक्क शापसुद्धा असतो.

दुसरं नाव चांगदेव. योगबळानं चौदाशे वर्षं जगले अशी आख्यायिका. दर वेळी काळाला चकवलं. ज्ञानेश्वरांची कीर्ती कानावर आली तेव्हा त्यांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयानं बघावं तर समोरचा नातू-पणतू शोभेल असा, म्हणजे 'चिरंजीव' लिहायला हवं. ज्ञानानं बघावं तर 'तीर्थरूप' लिहायला हवं. काही ठरेना. शेवटी कोराच कागद पाठवला! त्यावर मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं, तीच 'चांगदेव पासष्टी'. पुढे वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आलेले चांगदेव आणि समोरून भिंतीवर बसून आलेली चार भावंडं, हे चित्र तर आपण सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलंय.

पण मला त्या चालणाऱ्या भिंतीपेक्षा पुढची गोष्ट जास्त मोठी वाटते. चांगदेवांनी गुरू कुणाला केलं? त्या चौघांतल्या सगळ्यात धाकट्या मुक्ताईला. परंपरेनं दिलेल्या सालांप्रमाणे ती १२७९ ची, आणि १२९७ मध्ये आपल्याच तापीकाठी, मेहूणला, वीज कडाडली आणि ती गुप्त झाली. उणंपुरं अठरा वर्षांचं आयुष्य. अठरा वर्षांच्या आतल्या मुलीपुढे चौदाशे वर्षांचा माणूस वाकला. माझ्या मते चांगदेव त्या दिवशी शहाणे झाले. त्याआधीची वर्षं नुसती हजेरी होती, शंभर टक्के अटेंडन्स!

आता एल्रॉन्डकडे परत येते. त्याच्या घरी ती प्रसिद्ध सभा भरते. अंगठीचं काय करायचं, हा प्रश्न. एल्फ, बुटके, माणसं, जादूगार, सगळे दिग्गज जमलेत. इतिहास सगळा एल्रॉन्डला तोंडपाठ, कारण तो त्याच्या डोळ्यांसमोर घडलाय. आधीच्या युद्धानंतर इसिल्डरनं अंगठी नष्ट करावी असा सल्ला यानंच दिला होता, तो ऐकला गेला नाही, हेही तो सांगतो. आणि शेवटी सगळे गप्प असताना बोलतो कोण? तीन-साडेतीन फुटांचा फ्रोडो. मी नेतो म्हणतो, आणि वाट माहीत नाही हेही कबूल करतो. एल्रॉन्ड त्याला हसत नाही, 'तू बस खाली' म्हणत नाही. हे काम तुझंच आहे, हे तो ओळखतो. पुढे सोबत कोण जाणार हे ठरताना पिपिन फारच पोरगा आहे, त्याला घरी पाठवू, असं त्याचं मत असतं. गॅन्डाल्फ म्हणतो, इथे मैत्रीवर भरवसा ठेव. एल्रॉन्डला मनातून पटलेलं नसतं, तरी तो मान्य करतो. साडेसहा हजार वर्षांचा माणूस स्वतःचं मत बाजूला ठेवतो, हे मला त्याच्या सगळ्या विद्येपेक्षा मोठं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, मग अनुभवाला किंमतच नाही का? आहे ना. 'हॉबिट'मध्ये नकाशावरची चंद्राक्षरं एल्रॉन्डच वाचतो. ज्या तिथीला, ज्या ऋतूत ती लिहिली, तसाच चंद्र मागून आला तरच दिसणारी ती अक्षरं, इतरांना तिथे कोरा कागदच दिसतो. अनुभवाचा उपयोग नेमका हाच. इतरांना जे कोरं दिसतं, त्यातलं लिहिलेलं वाचता यावं. मग तो नकाशा असो की समोर उभा असलेला ज्युनियर.

ज्युनियरचा विषय निघालाच आहे तर कबुली देऊन टाकते. गेल्या वर्षी एनएसएसच्या कॅम्पमध्ये गावातल्या गटारीच्या उतारासाठी आम्ही लेव्हलिंग करत होतो. मी सिनियर, म्हणून लेव्हल बुक माझ्याकडे. स्टाफ धरायला साक्रीकडचा एक मुलगा, नुकताच डिप्लोमा करून आलेला. संध्याकाळी हिशोब टॅली होईना. बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज आणि पहिल्या-शेवटच्या लेव्हलमधला फरक काही केल्या जुळेना. तो मुलगा हळूच म्हणाला, "ताई, आठे आपण लेव्हल हलवली होती ना, ही रीडिंग फोरसाइटमध्ये पाहिजे."

मी काय म्हणाले असेन? "तू आत्ताच आलास ना कॉलेजला?" तेही इंग्लिशमध्ये! त्याचं 'आठे' ऐकून मला थोडं हसूही आलं होतं, हे लिहिताना लाज वाटतेय. तो गप्प बसला. मी दोन तास कॅल्क्युलेटर बडवला. चूक तिथेच होती. चेंज पॉइंटची रीडिंग मी इंटरमीडिएटच्या रकान्यात लिहिली होती. त्याला सॉरी म्हणायला मला आणखी दोन दिवस लागले. मी त्याच्यापेक्षा कॉलेजमध्ये फक्त एक पावसाळा जास्त पाहिला होता.

त्या रात्री मला आमचे आजोबा आठवले. बारावीनंतर ब्रँच ठरवायला घरी मोठी बैठक बसली होती. काका, मामा, आत्या, सगळे कॉम्प्युटरवर एकमत. मुलीनं उन्हात साइटवर कशाला जायचं, असं आजोबांनाही वाटत होतं. पण त्या खोलीत "तुला काय वाटतं गं?" हे विचारणारे तेवढे एकटेच. मी सिव्हिल म्हटलं. त्यांना पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटलेलं नाही. तरी बाबांना म्हणाले, "भर तिचा फॉर्म."

मित्रांनो, पुढच्या महिन्यात फर्स्ट इयरची नवी बॅच येईल. त्यांना बघून आपल्यालाही मायन्याचा प्रश्न पडेल, चिरंजीव की तीर्थरूप? मी म्हणते, मायना सोडून द्या. आधी समोरच्याला बोलू द्या. आणि साक्रीच्या त्या मित्रा, हे वाचत असशील तर ऐक, यंदाच्या कॅम्पमध्ये लेव्हल बुक तुझ्याकडे. स्टाफ मी धरते.

— तृतीय वर्ष, स्थापत्य