बलिदान कोणी दिले?

नागासाकीच्या शिरोयामा प्राथमिक शाळेत दर महिन्याच्या ९ तारखेला मुले शांतिप्रार्थनेसाठी जमतात. ९ ऑगस्ट १९४५ रोजी शाळेपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर अणुबाँब फुटला आणि तिचे सुमारे १,४०० विद्यार्थी, बहुतेक आपापल्या घरीच, मरण पावले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, उराकामीच्या मृतांसाठी झालेल्या मिस्साप्रसंगी डॉ. ताकाशी नागाई यांनी त्या मृत्यूंना होमार्पण म्हटले. स्वतःची पत्नी गमावलेल्या त्या श्रद्धावंतापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तो शब्द मात्र आम्हांस मान्य नाही. क्रूसावरील बलिदान स्वेच्छेचे होते. या बालकांना कोणी विचारले होते? सैनिकाचे आत्मार्पण आणि निरपराध्यांची हत्या, दोन्हींना आमच्या शाळांतील भाषणे एकच 'बलिदान' म्हणतात आणि टाळ्या घेतात. आमच्याकडे वर्षातून एक सकाळ पुरते; शिरोयामाची मुले पुढच्या ९ तारखेला पुन्हा जमतील.