लाल बसच्या खिडकीतून श्रीलंका

पाठीवर एक पिशवी, खिशात बेताचे पैसे आणि सोबतीला एक मित्र, एवढ्याच सामग्रीवर परदेश पाहण्यास निघणारे तरुण आता मराठी घरांतूनही दिसू लागले आहेत. असा प्रवास ही मध्यमवर्गाची चैन होय, असे चळवळीतील पुष्कळ ज्येष्ठांना वाटते. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. ज्याला रजेचा पगार मिळत नाही, त्याला प्रवास कुठला? परंतु म्हणूनच १९३६ साली फ्रान्समधील लिआँ ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि लिओ लाग्रांज यांनी त्यांच्यासाठी सवलतीच्या रेल्वे तिकिटांची योजना पुढे नेली. जग पाहण्याची इच्छा ही चैन नव्हे. ती मूठभरांनाच पुरी करता यावी, ही विषमता होय. समाजवाद्यांचे भांडण या विषमतेशी आहे, प्रवासाशी नव्हे.

या दृष्टीने श्रीलंकेचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. दोघे मित्र कोलंबोच्या पेट्टा भागातील बसस्थानकावरून लाल रंगाच्या सरकारी बसमध्ये बसले, म्हणजे सुमारे ११५ किलोमीटरांवरील कँडीला ते दुपारपर्यंत पोहोचतात. चालकामागची आसने भिक्षूंसाठी व धर्मगुरूंसाठी राखून ठेवलेली असतात. बाकी गाडीत शाळकरी मुले, भाजीच्या टोपल्या, कचेरीतील कारकून आणि प्रवासी यांची एकच दाटी असते. कडुगन्नावाचा घाट चढून गाडी कँडीच्या खोऱ्यात येते. तेथून रंबोडामार्गे सुमारे १९०० मीटर उंचीवरील नुवारा एलिया, पुढे बंडारवेला, हपुतळे, एल्ला आणि मग खाली उतरून दक्षिण किनाऱ्यावरील मातारा व गॉल, अशी सारी भ्रमंती साध्या बसने होऊ शकते. भाड्याच्या मोटारीला एका दिवसात जे मोजावे लागते, त्याच्या लहानशा अंशात हे घडते. धबधबे, धुके आणि हिरव्या टेकड्या खिडकीतून फुकट दिसतात; पैसे पडतात ते फक्त तिकिटाचे.

हे तिकीट स्वस्त कसे झाले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. १९५८ पूर्वी सिलोनमधील बसवाहतूक खाजगी कंपन्यांच्या हाती होती. एकेका मार्गाचा एकाधिकार बाळगून बसलेले हे मालक ‘बस मुदलाली’ म्हणून ओळखले जात आणि राजकारणातही त्यांचे वजन मोठे होते. सॉलोमन बंदरनायके यांच्या सरकारने १ जानेवारी १९५८ रोजी सर्व बससेवेचे राष्ट्रीयीकरण करून सिलोन ट्रान्सपोर्ट बोर्डाची स्थापना केली. भरभराटीच्या काळात या मंडळाच्या गाड्यांची संख्या सात हजारांच्या घरात गेली होती. त्यामागील अर्थशास्त्र साधे होते. वर्दळीच्या मार्गावर जो पैसा उरतो, तो डोंगरातल्या तोट्याच्या मार्गावर खर्च करावयाचा. शहरातील उतारूने खेड्यातील उतारूचा भार थोडा उचलावयाचा. बाजाराच्या हिशेबात तोटा म्हणून नोंदली जाणारी ही रक्कम समाजाच्या हिशेबात शाळेत पोहोचलेली मूल आणि दवाखान्यात वेळेवर आलेली बाळंतीण म्हणून जमेस धरावी लागते.

१९७७ साली जयवर्धने यांचे सरकार आले आणि खुल्या अर्थव्यवस्थेचे वारे वाहू लागले. १९७९ साली मंडळाचे प्रादेशिक तुकडे करण्यात आले व खाजगी गाड्यांना मार्ग मोकळा झाला. त्यांनी धाव घेतली ती स्वाभाविकपणे मलईच्या मार्गांवर. तोट्याचे मार्ग, पहाटेची पहिली फेरी, रात्रीची शेवटची फेरी आणि विद्यार्थ्यांचे सवलतीचे पास मात्र सरकारी गाडीच्याच पदरात राहिले. मग मंडळ तोट्यात आहे असे दाखवून त्याचे आणखी तुकडे करणे सोपे झाले. हा अनुभव पदरी पडल्यावर २००५ साली हे तुकडे पुन्हा जोडून श्रीलंका ट्रान्सपोर्ट बोर्ड उभारावे लागले. दरम्यान रस्त्यावर जी स्पर्धा आली, तिचे स्वरूप दोघा प्रवाशांना पहिल्याच दिवशी कळते: दोन खाजगी गाड्या एकमेकींना मागे टाकण्यासाठी वळणावर जीव धोक्यात घालतात, कारण चालकाची कमाई त्याने गोळा केलेल्या उतारूंवर अवलंबून असते. येथे दोष चालकाच्या स्वभावाचा नसून त्याच्या मजुरीच्या पद्धतीचा आहे.

तथापि सरकारी मालकी म्हणजेच समाजवाद, अशी सोयीची समजूत करून घेण्याचे कारण नाही. ११ मे २०२५ रोजी कोतमले येथे दरीत कोसळून वीसहून अधिक जणांचा बळी घेणारी, क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक उतारू भरलेली गाडी सरकारीच होती. गाड्यांची देखभाल होत नाही, नव्या गाड्या येत नाहीत, सत्तेवर येणारा प्रत्येक पक्ष आपली माणसे नोकरीत भरतो आणि उतारूच्या तक्रारीला कोणी वाली नसतो, अशी स्थिती असेल तर सार्वजनिक मालकीचे नाव बदनाम होते व खाजगीकरणवाल्यांचे काम आपोआप होते. सार्वजनिक सेवेचा कैवार घेणाऱ्यांनीच तिच्या कारभाराचे सर्वांत कठोर टीकाकार असले पाहिजे.

गाडी नुवारा एलियाच्या चढणीला लागली की दोन्ही बाजूंना चहाचे मळे सुरू होतात. हे सौंदर्य निसर्गाने दिलेले नाही. कँडीजवळील लूलकोंडेरा येथे १८६७ साली जेम्स टेलर याने व्यापारी लागवड सुरू केली आणि तांबेरा रोगाने कॉफी बुडाल्यावर साऱ्या डोंगरांवर चहा पसरला. जंगल तोडून ही हिरवी चादर अंथरली ती तामिळ मुलखातून आणलेल्या मजुरांनी. १९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने या मजुरांपैकी बहुतेकांना परके ठरविले. १९६४ च्या शास्त्री–सिरिमावो करारात ९ लाख ७५ हजार माणसांपैकी बहुतेकांची, जणू मालाची असावी तशी, दोन देशांत वाटणी झाली. १९७५ साली कंपन्यांचे मळे राष्ट्राच्या मालकीचे झाले, १९९२ साली त्यांचा कारभार पुन्हा कंपन्यांकडे गेला; या दोन्ही स्थित्यंतरांत एका खोलीच्या ‘लाइन’मधील जिणे फारसे पालटले नाही. दिवसाला १००० रुपये किमान वेतन मिळावे यासाठी २०२१ सालापर्यंत वाट पाहावी लागली. मोटारीतून जाणारा पाहुणा पाने खुडणाऱ्या बाईचे छायाचित्र घेतो आणि पुढे जातो. बसमधल्या दोघांच्या शेजारी मात्र तीच बाई येऊन बसते. तिच्या हातावरील चिरा पाहिल्यावर त्या टेकड्या केवळ रम्य राहत नाहीत.

श्रीलंकेच्या डाव्या चळवळीशी मुंबईचे नाते आहे, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल. एप्रिल १९४२ मध्ये कँडीच्या बोगंबरा तुरुंगातून एन. एम. परेरा, फिलिप गुणवर्धने, कोल्विन डिसिल्वा प्रभृती नेते निसटले आणि पुढे भारतात येऊन ‘छोडो भारत’ लढ्याच्या दिवसांत भूमिगत राहिले. परेरा व गुणवर्धने यांना १९४३ साली मुंबईत अटक झाली. १९४८ साली मळेकामगारांचे नागरिकत्व हिरावले जात असता या डाव्या गटांनी विरोध केला, हे त्यांचे भूषण होय. परंतु सत्तेत भागीदार झाल्यावर त्याच डिसिल्वा यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले आणि अल्पसंख्यकांना पूर्वीच्या घटनेने दिलेले संरक्षण वगळले. बहुसंख्यांच्या भावनेपुढे समाजवादी एकदा वाकले, की पुढचे वाकणे त्यांच्या हाती राहत नाही. १९८१ साली जाफना येथील ग्रंथालय जाळले गेले, १९८३ साली कोलंबोत तामिळांचे हत्याकांड झाले आणि २००९ पर्यंत युद्ध चालले. त्यात २१ एप्रिल १९८७ रोजी पेट्ट्याच्या त्याच बसस्थानकावर झालेल्या स्फोटात शंभराहून अधिक माणसे मेली. घरी निघालेल्या सामान्य उतारूंना मारून कोणाचीही मुक्ती होत नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

युद्धात वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या कँडी–जाफना रस्त्यावरून आज बस धावते. म्हणून भ्रमंती दक्षिणेच्या किनाऱ्यावर संपवू नये. दोघा मित्रांनी उत्तरेकडेही जावे.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एस. टी. धावली, आणि २०२१–२२ मध्ये त्याच एस. टी.च्या कामगारांना कित्येक महिने संप करावा लागला. तोट्याचा बागुलबुवा दाखवून सेवा मोडीत काढण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या तरुण मुलामुलींना प्रवासाला जाण्यापासून परावृत्त करू नये. उलट बसने जा, असा आग्रह धरावा. पुस्तकातून शिकविलेली सार्वजनिक मालकी बसच्या आसनावर दोन दिवसांत उमजते, आणि तिच्यातील उणिवाही तेथेच कळतात.

सिंहली मुलखात अनोळखी तरुणाला ‘मल्ली’ अशी हाक घातली जाते. जाफन्याकडे तीच हाक ‘तंबी’ होते. दोहोंचा अर्थ एकच: धाकटा भाऊ. पंचवीस वर्षांहून अधिक काळ एकमेकांविरुद्ध लढविल्या गेलेल्या दोन भाषांत भावाची हाक शाबूत राहिली आहे. तिकीट काढून शेजारी बसणाऱ्याला ती ऐकू येते.