रोज्याची नियत आणि गोळ्यांची वेळ

रमजानचा चंद्र दिसला की पाथर्डीतील मुस्लिम घरांत लगबग सुरू होते. खजूर येतात, सहेरीसाठी पहाटेचे गजर लागतात. एक तयारी मात्र अनेक घरांत राहून जाते. अब्बांच्या किंवा दादींच्या मधुमेहाच्या गोळ्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांना विचारले जात नाही. मग कोणी सकाळची गोळी सहेरीला घेऊन दिवसभर उपाशी राहतो, तर कोणी महिनाभर औषधच बंद करतो. दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात.

२००१ मध्ये भारतासह तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. त्यांतील टाइप-२ मधुमेहींमध्ये रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसातपट झाले होते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०१६ मध्ये यासाठी मार्गदर्शिका काढली. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे रजब महिन्यातच, डॉक्टरांना भेटावे आणि औषधांची वेळ व मात्रा ठरवून घ्यावी, असे ती सांगते. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. बोटातून थेंबभर रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही.

‘पूर्वीचे लोक रोजे धरतच होते ना?’ असे कोणी म्हणेल. पण त्यांच्याकडे साखर उतरवणाऱ्या गोळ्या नव्हत्या आणि ती मोजायचे यंत्रही नव्हते. शिवाय कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी व्यक्तीला सवलत आहेच. बरे झाल्यावर रोजे पूर्ण करावेत, ते कधीच शक्य नसेल तर गरिबाला जेवू घालावे. मग सवलत घेण्यात संकोच कशाला?

ही माहिती घरापर्यंत पोहोचणार कशी, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी शेजारणींनी त्यांचे ऐकले, कारण त्या आपल्यातल्या होत्या. पाथर्डीतही जुम्याच्या खुत्ब्यात इमामसाहेबांची दोन वाक्ये, मेडिकल दुकानदाराची एक विचारणा आणि आशाताईंची एक फेरी एवढे पुरेल.

हे फक्त रोजेदारांपुरते नाही. मोहटादेवीच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या मधुमेही माउलीलाही हाच धोका आहे. साखर उपवासाचा धर्म पाहत नाही.

यंदाचा रजब निघून गेला. तरी आज इफ्तारनंतर औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जाता येईल. नियत अल्लाहसाठी असते, पण शरीरही त्याचीच अमानत आहे.