डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा

१९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती; २०२० मध्ये ती साडेसहा लाखांच्याही खाली गेली. मोटारींचे कारखाने बंद पडत गेले आणि २०१३ मध्ये शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला.

तरीही ग्रीक स्थलांतरितांनी सुरू केलेली दोन 'कोनी आयलंड' दुकानं कित्येक दशकं एकमेकांना खेटून चालली: पावात सॉसेज, वर चिली, मोहरीचा सॉस, कच्चा कांदा. सरस कोणतं, यावर गावात दोन तट! 'बडीज' या इथल्याच पिझ्झाच्या दुकानाची गोष्ट याहून चविष्ट. १९४६ मध्ये तिथे मोटार कारखान्यांतल्या पोलादी ट्रेमध्ये पिझ्झा भाजला गेला. म्हणून तो चौकोनी आणि कडांना कुरकुरीत. २०२१ मध्ये 'पिझ्झा हट'नं तोच 'डेट्रॉइट-स्टाइल' म्हणून अमेरिकाभर विकायला काढला. ही उचलेगिरी म्हणायची की दाद? आम्हाला तरी पहिलीच शंका येते.

पण साखळी म्हणजे उपरीच, असंही नाही. १९५९ मध्ये इथल्याच एका उपनगरात एका दुकानापासून सुरू झालेल्या 'लिटल सीझर्स'नं १९८०च्या दशकात आपलं मुख्यालय डेट्रॉइटच्या ओस पडत चाललेल्या मध्यवस्तीत हलवलं, भलेभले तिथून काढता पाय घेत असताना. आणि घरच्या 'बडीज'च्या आता अनेक शाखा आहेत. २०१८ पासून मालकीचा मोठा हिस्सा गुंतवणूकदार कंपनीकडे आहे.